औंधचे पंत आणि माझा आकस

संस्थानिकांचं कौतुक मला पहिल्यापासून सोसत नाही. शिकारी, हत्ती, नवलखा हार, गोऱ्या पाहुण्यांना दिलेल्या मेजवान्या असं वर्णन सुरू झालं की माझं मन लगेच विचारतं, या सगळ्याचा सारा कोणी भरला? घरचं वळणच तसं. वडील संस्थानिकांना सरळ ‘इंग्रजांचे मांडलिक’ म्हणायचे आणि १९७१ साली तनखे बंद झाले त्याची हकिकत मोठ्या समाधानानं सांगायचे. त्यामुळे औंध संस्थानाचा विषय निघाला की माझं उत्तर ठरलेलं असे: राजा हौशी होता, संग्रहालय सुरेख आहे, बाकी काही नाही. त्या राजानं १९३९ साली प्रजेला स्वराज्य देऊन टाकलं, असं कोणी म्हणालं तर मी हसत असे. ती माझ्या लेखी राजाची आणखी एक हौस होती.

आज माझं मत तसं नाही. बदललेलं मत मांडताना थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण ज्यांच्याशी मी वाद घातले त्यातले काही जण संस्थानी थाटाचे भक्तच होते. त्यांच्या पंगतीला बसल्यासारखं वाटू नये म्हणून जरा तपशिलात जातो.

पुणेकरांसाठी एक खुलासा. हे औंध विद्यापीठापलीकडचं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याचं. राजाराम महाराज जिंजीला असताना ‘प्रतिनिधी’ हे पद निघालं, मानानं पेशव्यांच्याही वरचं. किन्हईच्या परशुराम त्र्यंबकांकडे ते आलं आणि त्यांच्या घराण्यात टिकलं. शाहू महाराजांच्या दरबारात बाजीरावाला अडवणारे श्रीपतराव याच घराण्यातले. पेशवाईच्या उतरणीला थोटे पंत झाले. त्यांच्या बाजूनं वासोटा लढवून ताई तेलिणीनं बापू गोखल्यांना जेरीस आणलं. ती बाई एका स्वतंत्र लेखाची धनीण आहे. इथे तिला रामराम करून पुढे जातो. १८४८ साली सातारचं राज्य खालसा झालं आणि औंधकर थेट इंग्रजांच्या छत्राखाली आले. राज्य केवढं? ७२ गावं, ५०० चौरस मैलांच्या आसपास मुलूख, आणि तोही सलग नाही. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी माणदेशात, आणि गुणदाळ पार विजापूरच्या बाजूला. आपल्याच राज्यातून जायचं तर मध्ये दुसऱ्याची हद्द ओलांडावी लागे.

या तुकड्यातुकड्यांच्या राज्यावर १९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. आधीच्या राजाला इंग्रजांनी गादीवरून दूर केलं होतं, तेव्हा ही गादी कोणाच्या मर्जीवर आहे हे बाळासाहेबांना पक्कं ठाऊक असणार. चित्रं काढायची, कीर्तनं करायची आणि सूर्यनमस्कारांचा प्रचार करायचा, हे त्यांचे तीन नाद. ‘चित्र रामायण’ त्यांनी स्वतः चितारलं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी देणगी दिली आणि तिच्यासाठी चित्रंही काढली. सातवळेकरांना वेदांच्या कामासाठी औंधात जागा दिली. बेळगावातून बाहेर पडावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि भांडवलही दिलं. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती तिथे. संग्रहालयात रविवर्म्याची सैरंध्री आहे आणि हेन्री मूरचं दगडी शिल्पही आहे. त्या आडगावात मूरचं शिल्प पाहून भले भले चक्रावतात.

हे सगळं मी आधीही मानत होतो. दानशूर राजे हिंदुस्थानात थोडे नव्हते. माझा आक्षेप सूर्यनमस्कारांपाशी होता. शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे. मुलांनी घातलेच पाहिजेत, मास्तरांनी घालून घेतलेच पाहिजेत. राजा स्वतः रोज घालणार, राणीसाहेब घालणार, आणि १९३८ साली त्यावरचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघणार. प्रजेच्या कंबरेत आणि पोटात इतकं लक्ष घालणारा माणूस प्रजेच्या हाती सत्ता कशी देईल? म्हणजे ती सत्ता देणं खोटं, नाहीतर वारा पाहून शीड फिरवणं. १९३८ साली संस्थानोसंस्थानी प्रजापरिषदा उठल्या होत्या. चतुर राजानं आधीच हात मोकळे करून घेतले, असा माझा तर्क होता आणि तो मला फार बिनतोड वाटत असे.

पहिला तडा राजकोटनं दिला. तोच हिवाळा आणि तेच वारे. तिथल्या ठाकूरसाहेबांनी १९३८ च्या डिसेंबरात सरदार पटेलांशी सुधारणांचा करार केला आणि महिनाभरात शब्द फिरवला. मार्चमध्ये गांधीजींना उपोषणाला बसावं लागलं. इकडे औंधात २१ जानेवारी १९३९ ला राज्यघटना अमलात आलीसुद्धा. वाऱ्याचा जोर दोघांनाही सारखाच होता. वेळ मारून नेण्याची वाट बाळासाहेबांनाही मोकळी होती, शब्द फिरवला असता तर रेसिडेंटनं पाठच थोपटली असती. मग त्यांनी तसं का केलं नाही, याचं उत्तर माझ्या तर्कात नव्हतं.

मग इंदिरा रॉदरमुंड यांचं औंधच्या प्रयोगावरचं पुस्तक वाचलं. राजपुत्र अप्पासाहेब पंतांचं ‘ॲन अनयूझुअल राजा’ही वाचलं, ते मात्र थोडं हातचं राखूनच, कारण मुलानं बापावर लिहिलेलं ते. घटनेचा मसुदा गांधीजींच्या देखरेखीखाली झाला, हे मला आधी नुसतं ऐकून माहीत होतं. तिची रचना वाचताना मी सावध झालो. प्रौढांनी गावची पंचायत निवडायची. पंचायतींच्या अध्यक्षांची तालुक्याची सभा. तालुक्यांतून माणसं राज्याच्या विधिमंडळात. गावचा तंटा शक्य तो गावातच मिटवायचा, आणि गावाच्या पैशावर गावाचा हात. कारभार खालून वर चढवायचा. नुसतं नाव मिळवायचं असतं तर राजधानीत एक सभागृह बांधून, मर्जीतले चार वकील बसवून काम भागलं असतं. पुष्कळ संस्थानांनी तसंच केलं.

या कामात अप्पासाहेबांच्या जोडीला मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा ज्यू इंजिनिअर होता. बंगलोरची नोकरी सोडून भगवी वस्त्रं घातलेला हा माणूस पुढे मुंबईत खेतवाडीत पोचला आणि निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं त्यानं इंग्रजीत आणली. आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची वसाहत हीसुद्धा त्याच दिवसांतली: कैद्यांनी कुटुंबासह राहायचं, शेती करायची, भिंत नाही. ‘दो आँखें बारह हाथ’ला या वसाहतीनंच बीज पुरवलं. त्याचं लेखन करणारे गदिमा मुळात औंधचेच प्रजाजन. सिनेमा मी अनेकदा पाहिला होता, पण त्याचा धागा एका राजाच्या कारभारापर्यंत जातो हे माझ्या गावीही नव्हतं.

भिंतीविना तुरुंग काढणारं राज्य आणि नमस्कारांची सक्ती करणारं राज्य एकच. माझी अडचण अशी की मी यांतलं एक खरं आणि दुसरं खोटं धरून चाललो होतो. हळूहळू वाटायला लागलं की दोन्ही एकाच हट्टातून आलेली आहेत. माणदेशातला अर्धपोटी कुळवाडी अवघड गोष्ट करू शकतो, असा त्या राजाचा ग्रह होता. तो रोज नमस्कार घालू शकतो, चोरी केलेला असला तरी बिनभिंतीच्या जागी टिकू शकतो, आणि पंच होऊन निवाडाही देऊ शकतो. रयतेचं आम्ही भलं करू म्हणणारे राजे खूप. रयतेकडून कष्टाची अपेक्षा करणारा राजा तसा विरळा, आणि अशा माणसाचा जाच होतो हेही तितकंच खरं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त गावकरी खपून तालीम बांधतात आणि तिच्या उद्घाटनाला राजा येतो. पूर्वी तो प्रसंग मी संस्थानी भोळेपणा म्हणून वाचला होता. आता वाचताना लक्ष जातं ते राजाच्या आधी भिंती रचणाऱ्या मेंढपाळांकडे.

औंधच्या बाजूचं सगळंच मला गोड वाटायला लागलंय असं नाही. एकाच्या सहीनं मिळालेलं स्वराज्य दुसऱ्याच्या सहीनं गेलं असतं. बाळासाहेबांच्या जागी कोणी राजकोटकर असता तर ७२ गावांनी काय केलं असतं? वरच्या सभा थेट मतदानानं भरायच्या नव्हत्या, आणि पायरीपायरीनं वर जाणाऱ्या निवडणुकीत गावच्या वजनदारांचं वजन वाढतं, कमी होत नाही. गावात वजनदार कोण असतो, हे माणदेशात कोणाला सांगायला नको. शिवाय ही सगळी घडी फार थोड्या माणसांच्या भल्या वृत्तीवर बसलेली होती. पण कुंडलकडे पाहिलं की मी थबकतो. १९४२ नंतर साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा औंधच्या हद्दीतलं हे गाव त्या चळवळीचं मोठं ठाणं होतं. इंग्रजांच्या मांडलिकानं आपल्या मुलखात इतकं चालू दिलं, याचा मेळ मला ‘हौशी राजा’ या दोन शब्दांत घालता येत नाही.

८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. नऊ वर्षांत गुंडाळलेला प्रयोग फसलेला, असं मी म्हणायचो. आता एवढंच म्हणतो की तो फसण्याइतका किंवा यशस्वी होण्याइतका चाललाच नाही. देशाला विलीनीकरण हवं होतं आणि मलाही ते हवंच होतं. पण त्या दिवशी औंधच्या पंचायतींच्या हातून जे गेलं, ते राजाच्या हातून आधीच गेलेलं होतं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या त्या १९६२ साली, आणि पंचायतींना राज्यघटनेत जागा मिळाली ती ७३ व्या दुरुस्तीनं, १९९३ मध्ये.

संस्थानिकांविषयीचं वडिलांचं मत मी अजून टाकलेलं नाही. साडेपाचशेहून अधिक संस्थानांचा निवाडा औंधवरून होत नाही, आणि औंधचं नाव घेऊन कोणी बाकीच्यांना धुऊन काढायला लागलं की मी आजही भांडतो. फक्त आता त्या भांडणात औंध माझ्या बाजूचा साक्षीदार असतो: एवढ्याशा राज्याला जमलं ते तुमच्या थोर महाराजांना का जमलं नाही, असं मी विचारतो.