जुना डिंक

गेल्या वैशाखांत वाईस धाकट्या बंधूंच्या नातवाची मुंज होती. जावें कीं न जावें, ह्याचा विचार माझ्या मनांत आठ दिवस चालला होता. अखेर आदल्या दिवशीं पुण्याहून निघालों. गाडी चिरंजीव चालवीत होते. समोरच्या कांचेवर मागचा रस्ता दाखविणारा जो आरसा असतो, तो मागच्याच आठवड्यांत उन्हानें तापून गळाला होता, व चिरंजीवांनीं झटपट चिकटणारें कांहीं लावून तो क्षणांत बसविला होता. शिरवळ आलें आणि एका धक्क्यासरशीं आरसा पुनः खालीं आला व तडकला.

"त्यावांचून काय अडतें? पुढचें दिसतें ना?" मी म्हणालों.

चिरंजीव थांबलेच. मागून येणाऱ्या मालमोटारी न पाहतां खंबाटकीचा घाट चढणें त्यांस पटेना. त्यांचेंच खरें होतें. पूर्वीं शर्यतीच्या मोटारींत मागचें पाहून सांगावयास एक सोबती बसे. इ. स. १९११ मध्यें अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें ५०० मैलांची शर्यत झाली, तींत रे हॅरून ह्यानें सोबत्याऐवजीं आरसा लाविला व शर्यत जिंकली. पुढें धांवणारासही मागें पाहावें लागतें.

दुरुस्तीवाल्यानें गाडी प्रथम सावलींत घेवविली. तापलेल्या कांचेवर काम नीट होत नाहीं. मग जागा पाहून तो म्हणाला, "काका, जुना गम तसाच ठेवून वर नवा लावलाय. धरणार कसा?" त्यानें बाहेरून जागेची खूण केली, पात्यानें जुना थर कण न् कण खरवडला, स्पिरिटनें कांच पुसली, आणि धातूच्या चकतीस थेंबभर गम लावून ती मिनिटभर दाबून धरली. "आतां पाव तास आरसा अडकवायचा नाहीं," असें बजावून तो दुसऱ्या कामास गेला.

तो पाव तास मला जड गेला. वडिलांच्या घराच्या वाटणीच्या वेळीं मीं बंधूंना चारचौघांत 'लोभी' म्हटलें होतें. त्यानंतर दर दिवाळीस फराळ गेला, आहेर झाले, हंसून बोलणें झालें. परंतु वर्ष सरतें न सरतें तोंच सारें पुनः गळून पडे. दोष मी त्यांच्या स्वभावास देत असें. खालचा थर मीं कधींच खरवडला नव्हता.

वाईस पोहोंचल्यावर मांडवांत न जातां बंधूंना मागच्या पडवींत बोलाविलें आणि म्हटलें, "त्या दिवशीं मी बोललों तें खोटें होतें. चूक माझी." ते बराच वेळ उगे राहिले. मग "दादा, आधीं पाय धुवा," एवढेंच बोलून आंत गेले. मीही अधिक मागितलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं निरोप घेऊन निघालों. गाडी कोपऱ्यावर वळणार, तोंच चिरंजीव नव्या आरशांत पाहून म्हणाले, "अप्पा, काका अजून फाटकांत उभे आहेत."