डेपोतली सावकाश फेरी

आम्हा टिळकवाडीकरांना ‘डेपो’ म्हटलं की एसटी आठवत नाही, व्हॅक्सिन डेपो आठवतो. ब्रिटिशांच्या काळात इथं देवीची लस तयार व्हायची. १९८० साली देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. लशीचं ते काम संपलं, नाव मात्र राहिलं. आज डेपो म्हणजे गर्द झाडी, जुन्या इमारती, तांबडी वाट आणि मराठी-कन्नड मिसळून गप्पा मारत फिरणारी मंडळी. चाळिशी उलटल्यावर मी इथंच धावायला शिकले. रोज पाच किलोमीटर, अगदी पावसातसुद्धा.

२०२४ च्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि मी लगेच बुटांकडे बघायला लागले. डॉक्टरांनी दटावलं, “ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात.” खरंच, त्याच दिवशी प्लेटलेट ३८ हजारांवर आल्या! सासूबाई धारवाडकडच्या. उशाशी बसून त्या गंजी पाजायच्या आणि म्हणायच्या, “गडबड ब्याड.”

तीन आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून, डेपोत गेले. वाटलं, एक फेरी तर सहज होईल. दोनशे पावलांतच छाती धडधडली, पाय कापसासारखे झाले. झाडाखाली बसले आणि चक्क रडू आलं. ज्या वाटेवर मी माझी मला सापडले होते, तीच परकी वाटत होती.

पुन्हा दवाखाना. ईसीजी नीट आला. पण सकाळी उठल्या उठल्या ६२ असणारी नाडी आता ८४ होती. डॉक्टर म्हणाले, “विषाणू गेला, पण शरीर अजून सावरतंय. आधी चाला. चालताना बोलता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी थकवा उरला, तर त्या दिवशी विश्रांती. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच थांबायचं आणि मला येऊन भेटायचं.”

मग पंधरा मिनिटं चालणं सुरू झालं. वर्षभर ज्यांना मी मागं टाकत होते, ते सगळे आता मला मागं टाकू लागले. मान खाली घालून चालायची. काठी टेकत फिरणारे एक आजोबा रोज भेटायचे. एक दिवस त्यांनी मला घाईनं पावलं टाकताना पाहिलं आणि म्हणाले, “सावकाश अक्का, सावकाश. गिडा एल्ली ओडि होगूदिल्ल.”

खरंच की! झाडं कुठं पळून जाणार होती? त्या दिवशी मी पहिल्यांदा मान वर करून डेपो पाहिला. रोज धावत होते, पण खारीची चिवचिव कधी ऐकली नव्हती.

महिन्यानं एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. मग दोन मिनिटं धावणं. नाडी हळूहळू सत्तरच्या खाली आली. तीन महिन्यांनी, थंडीतल्या एका सकाळी, न थांबता पहिली पूर्ण फेरी झाली. आजोबांनी काठी उंचावून दाखवली.

घरी आले, तर सासूबाई दारातच. “एष्ट आतु?”

“एकच फेरी. सावकाश.”

त्यांना भाषांतर करून सांगावं लागलं नाही. आपल्या दोन्ही भाषांत तो शब्द एकच आहे.