समुद्रातला नांगर

आमच्या ढोकीत नांगर म्हटला, की डोळ्यांपुढे काळी जमीन उभी राहते. समुद्रातही नांगर टाकतात, असे मी वर्गात सांगितले की मुले हळूच हसत. त्यांचा तरी काय दोष? समुद्र त्यांनी नकाशावरच पाहिलेला. वस्तुतः आमच्या शिवारावर पडणारा पाऊस त्या समुद्रावरूनच येतो. सागरात साठलेली उष्णता व मोसमी वारे यांचे नाते फार जवळचे. म्हणून सागराच्या पोटातील ऊब मोजणे हे कोरडवाहू शेतकऱ्याच्याही कामाचे आहे.

पण चार हजार मीटर खोल पाण्यात तापमापक धरून कोण उभे राहणार? गोव्यात दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या संशोधकांनी २००० सालापासून हिंदी महासागरात, विषुववृत्तावर, उपकरणे नांगरून ठेवली. रचना ऐकाल तर साधी वाटेल. तळाशी जड वजन. काही देशांत त्यासाठी आगगाडीची जुनी चाके वापरतात! त्याला बांधलेला काही किलोमीटर लांबीचा दोर, दोरावर निरनिराळ्या खोलीवर जखडलेले प्रवाहमापक व तापमापक, आणि दोर ताठ राहावा म्हणून वर ओढणारे पोकळ गोळे. सर्वांत वरचा गोळाही पाण्याखालीच असतो. तेथे लाटांचा त्रास नाही.

विहिरीत बुडी मारणाऱ्यास ठाऊक असते, की उन्हाळ्यात वरचे पाणी कोमट व खालचे गार असते. तेथेही तसेच: वर सुमारे २८ अंश, तळाशी जेमतेम एक-दोन अंश. प्रवाहांचे मात्र नवल वाटते. विषुववृत्तावर वरचे पाणी वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात, पूर्वेकडे वेगाने धावते. त्याच वेळी खालचे पाणी निराळ्याच दिशेने चाललेले असू शकते. एकदाच येऊन गेलेल्या जहाजाला हे कसे कळावे? म्हणून ती उपकरणे वर्षभर अंधारात उभी राहून नोंद करीत असतात.

मग जहाज परत येते. रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यात खोल जात नाहीत. म्हणून ध्वनीचा संकेत पाठवतात. तो तीन सेकंदांत तळ गाठतो. नांगराजवळची कडी उघडली, तर गोळे उपकरणांसह वर येऊ लागतात. न उघडली, तर साऱ्या वर्षाची नोंद बुडाली. गेलेले वर्ष पुन्हा मोजता येत नाही. गोळे वर येण्यास कधी तासभरही लागतो. तोवर जहाजावरची माणसे कठड्याशी उभी राहून, मृगात आमचे शेतकरी आभाळ न्याहाळतात तशी, पाणी न्याहाळीत असतात. नांगर तेवढा तळाशीच राहतो.