बरणी टेक्सासची, दाणे किकवीचे

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीत माझी भाची टेक्सासहून आली, ती एक काचेची बरणी घेऊनच. “मामी, पेकानचं लोणी आहे. भाकरीला लावून बघ!” पेकान म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं तिकडचं झाड. १९१९ पासून टेक्सासचा तो राज्यवृक्षच आहे म्हणे.

चव सुरेखच. आठ दिवसांत बरणी रिकामी! पुन्हा आणायचं तर इकडे ते भलतंच महाग. हे म्हणाले, “अगं, घरात शेंगांचं पोतं पडलंय. त्याचंच कर की.”

आणि खरं सांगू? त्यात कमीपणा मुळीच नाही. १०० ग्रॅम पेकानमध्ये प्रथिनं साधारण ९ ग्रॅम आणि स्निग्धांश ७२. तेवढ्याच शेंगदाण्यात प्रथिनं २५ ग्रॅम, स्निग्धांश ४९. नातसून घरात गरोदर, तीही शाकाहारी. तिला तर हे हवंच होतं.

पण पोतं उघडलं आणि काळजात चर्र झालं. काढणीलाच पाऊस लागलेला, शेंगा नीट वाळल्या नव्हत्या. कितीतरी दाणे काळपट, सुरकुतलेले, काहींवर हिरवट-पिवळी बुरशी. मी ते टाकायला निघाले, तशा सासूबाई कडाडल्या, “टाकतीस व्हय? भाजलं की समदं जातं!”

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडून त्यांनी घर जगवलं. दाणा टाकणं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी मात्र बोलले.

“आत्याबाई, ही बुरशी भाजून जात नाही. तिचं विष दाण्यात उतरतं, ते यकृताला धरतं. १९६० साली इंग्लंडात असल्याच शेंगदाण्याच्या पेंडीनं लाखभर टर्की कोंबड्या मेल्या.”

“मग म्हशीला घाल.”

“ते दुधातून पुन्हा आपल्याच पोटात येतं.”

दाणे मी परसात खड्डा खणून पुरले. दोन दिवस सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मलाही घास गोड लागला नाही, पण नातसुनेच्या ताटात ते वाढणं मला जमलं नसतं.

निवडलेल्या चांगल्या दाण्यांचं लोणी मी असं केलं. अर्धा किलो दाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, चोळून, पाखडून सालं काढायची. कोमट असतानाच मिक्सरमध्ये घालायचे. आधी कूट होतं, मग गोळा. तिथं घाबरून पाणी घालू नका हं, सगळं घट्ट होऊन बसेल! मिक्सरला मधूनमधून विश्रांती द्या, कडेचं खाली ओढा. दाण्याचंच तेल सुटून आठ-दहा मिनिटांत मऊ लोणी होतं. शेवटी चिमूटभर मीठ. कोरड्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे खवट होत नाही. वर तेल आलं तर ढवळून घ्यायचं.

भाकरीवर गुळाबरोबर लावा, भरल्या वांग्याच्या रश्शात चमचाभर घाला, ताकात कालवून कोशिंबिरीवर घाला. मात्र दोन मोठे चमचे म्हणजे जवळपास १९० कॅलरी, तेव्हा हात आवरता हवा! तान्ह्या मुलांना अख्खा दाणा किंवा लोण्याचा गोळा देऊ नका, घशात अडकतो. पेजेत पातळ करून, पहिल्यांदा अगदी कणभर द्या. काहींना शेंगदाणा सोसत नाही. अंगावर गांधी उठल्या, सूज आली, धाप लागली, तर लगेच डॉक्टर गाठा.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच बरणी पुढं ओढली, भाकरीवर बोटभर घेतलं. “बरं झालंय,” एवढंच म्हणाल्या.

यंदा काढणी झाली, तेव्हा त्या स्वतः गच्चीवर बसून होत्या. शेंगा पसरायच्या, उलथायच्या, मूठभर कानाशी धरून हलवायच्या. “खुळखुळ वाजली की वाळली समज. तवर पोत्यात भरायची न्हाय, सूनबाई.” मग एक काळी शेंग त्यांनी बाजूला काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ही खड्ड्यात.”