पाला कमी पडला की अळीला रोग का लागतो

तुतीला पाणी पुरेना, तरी बरेच जण एप्रिलात 200 अंडीपुंजांची बॅच घ्यायच्या विचारात आहेत. त्यांच्यासाठी लिहितोय.

रेशीम अळी जन्मभर जेवढा पाला खाते, त्यातला 80 टक्क्यांच्या आसपास पाचव्या अवस्थेत, शेवटच्या सात-आठ दिवसांत. टंचाई नेमकी तिथंच गाठते. मग एखादी वेळ चुकते, नाहीतर सुकलेला पाला पडतो. अळी लगेच मरत नाही, पण आतून खचते. तिच्या रक्तात जंतू गिळणाऱ्या पेशी असतात, जंतू मारणारी प्रथिनं तयार होतात. त्याला लागणारा माल पाल्यातूनच येतो, दुसरं ती खाते काय? शिवाय पाल्यातल्या हरितद्रव्यापासून आतड्यात एक लाल प्रथिन बनतं, ते ग्रासरीच्या विषाणूला अडवतं. पाला कमी म्हणजे कुंपणच पडलं.

अळी फुगली, चकचकीत दिसली, टोचल्यावर दुधासारखं पाणी आलं की ग्रासरी. मऊ पडून काळी झाली, घाण वास सुटला की फ्लॅचरी. चुना मारा, शेड निर्जंतुक करा, मीही करतो. पण चुन्यानं उपाशी अळीचं पोट भरत नाही.

शेजारच्या शेडात मागच्या उन्हाळ्यात तीन दिवस पाला अपुरा पडला. चंद्रिका टाकायच्या दोन दिवस आधी निम्मी बॅच खड्ड्यात पुरली. अळ्या मोठ्या झालेल्या, खर्च सगळा होऊन बसलेला.

माझ्या विहिरीला सध्या दिवसाआड दोन तास पाणी आहे. यंदा 100च अंडीपुंज सांगितलेत.