मुळांचा हिशेब

ज्युनिपर या वृक्षाचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याचे दुखणे पानांवर फार उशिरा उमटते. मुळे कुजून निकामी झाली, तरी त्याची खवल्यांसारखी बारीक पाने कित्येक आठवडे, कधी कधी महिनोन्महिने हिरवी राहतात. दुकानात गिऱ्हाइकांची वर्दळ दिसत असावी आणि आत भांडवल केव्हाच संपलेले असावे, तसाच हा प्रकार. पाने तपकिरी झाल्यावर मालक धावपळ करतो, तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते.

सांगलीच्या गणपती पेठेतील एका कापड दुकानात असे एक बोन्साय होते. दोघा भावांपैकी धाकट्याने ते 2011 साली पुण्याहून आणले होते. त्याने त्याला वरच्या गच्चीवर, सकाळचे ऊन लागेल अशा जागी ठेवले. दुकान उघडण्यापूर्वी तो तेथे जाऊन मातीत एक बांबूची काडी खोचून पाही. काडी ओली निघाली तर पाणी नाही, कोरडी होत आली असेल तरच पाणी, असा त्याचा नेम. दसऱ्याला आणि पाडव्याला तेवढे ते झाड खाली दुकानात येई व दुसऱ्या दिवशी पुन्हा वर जाई.

2021 च्या कोरोनाच्या लाटेत धाकटा भाऊ गेला. दुकान पुन्हा उघडले, तेव्हा त्याचे झाड त्याच्या तसबिरीजवळ असावे असे सर्वांनाच वाटले. ते गल्ल्याशेजारी कायमचे विसावले. थोरले बंधू, ज्यांना घरात सारे अण्णा म्हणतात, सकाळी त्याला पाणी घालीत. दुपारी पुतण्या घाली. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी मुनीमजीही तांब्याभर पाणी घालून जात. तिघांपैकी कोणीही दुसऱ्याला विचारले नाही. आठवणीचा असा हिशेब कोण कोणाला विचारणार? झाडाला मात्र ऊन, वारा आणि रात्रीचा गारवा हवा होता. त्याऐवजी त्याला वातानुकूलित खोली आणि कधीही न वाळणारी माती मिळाली.

दिवाळीनंतर हिरव्या रंगाची तकाकी गेली. पाने राखट दिसू लागली आणि बोटांत चुरडली की कोरडी कडकड वाजू लागली. पुतण्या म्हणाला, “अण्णा, खताची एक मात्रा देऊ या, उभारी धरेल.” एका ओळखीच्या गृहस्थांनी कीटकनाशक फवारण्याचा सल्ला दिला. आक्कांनी मात्र स्पष्ट सांगितले, “आधी नीट बघा. उगाच जीवांवर विष घालायचे नाही.” मग पुतण्याने फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी हलकेच झटकली. लाल कोळी असते, तर कागदावर बारीक ठिपके हलताना दिसले असते. कागद कोराच राहिला. फवारणीचा प्रश्न मिटला, आणि त्याबरोबर हेही कळले की, दुखणे वर नाही, खाली आहे.

कुंडी उचलताच आंबूस वास आला. मूळची रोपवाटिकेतील चिकण माती मधोमध गोळ्यासारखी घट्ट बसली होती व ती दिवसरात्र पाणी धरून होती. कडेची बरीच मुळे काळी, लिबलिबीत झाली होती. साल बोटात निघून यावी आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरावा, अशी त्यांची अवस्था. तरीही आतल्या बाजूला थोडी पिवळसर, ताठ मुळे शिल्लक होती. एका फांदीची साल नखाने किंचित खरवडली, तर खाली ओला हिरवा पापुद्रा दिसला. दुसऱ्या फांदीवर तो दिसला नाही.

अशा झाडाला खत देणे म्हणजे बुडत्या धंद्याला नवे कर्ज देणे. परतफेडीची ताकदच नसताना वाढवलेला बोजा त्याला अधिक लवकर खाली नेतो. मुळे नसलेले झाड खत घेऊ शकत नाही, उलट मातीत साठलेले क्षार उरल्यासुरल्या मुळांना जाळतात. हिरवी पाने छाटून झाडाला हलके करण्याचा मोहही टाळावा लागतो. ज्युनिपरची नवी मुळे याच पानांनी तयार केलेल्या अन्नावर वाढतात. आणखी एक गोष्ट अशी की, पूर्ण उघड्या पडलेल्या जुन्या फांदीवर हे झाड सहसा पुन्हा फुटत नाही. गेलेली हिरवाई तेथे परत मिळत नाही.

अण्णांनी कुजलेली मुळे तेवढी कात्रीने काढली, कडेची माती मोकळी केली आणि मधला निरोगी मुळांभोवतीचा गोळा हलवला नाही. सगळी माती एकाच वेळी धुऊन काढली असती, तर उरलेली मुळेही दुखावली असती. नवे मिश्रण विटांचे चाळलेले बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडे कुजलेल्या पाल्याचे खत यांचे केले. सुंदर उथळ कुंडी बाजूला ठेवली व झाड स्वयंपाकघरातील एका जुन्या, खोल चाळणीत बसवले, म्हणजे चहूबाजूंनी हवा खेळेल. वाऱ्याने हलून कोवळी मुळे तुटू नयेत म्हणून ते तारेने घट्ट बांधले. गच्चीवर हिरव्या जाळीखाली त्याला जागा दिली, पुढे हळूहळू सकाळचे ऊन दिले.

यानंतरचे काम सर्वांत अवघड होते, कारण ते काहीच न करण्याचे होते. पाणी घालण्याचा अधिकार एकट्या पुतण्याकडे आला, आणि तोही काडीला विचारून. पहिल्यांदा त्याला वाईट वाटे. रिकामा तांब्या घेऊन खाली येताना आपण काकांसाठी काही केले नाही, असे त्याला वाटे. अण्णा त्याला म्हणाले, “अरे, तुझे काका रोज वर जात होते, पण रोज पाणी घालीत नव्हते. रोज बघत होते.” पावसाळ्यात झाडावर पारदर्शक पत्रा आला. एक फांदी पूर्ण वाळली. दुसऱ्या बाजूला मात्र पुढच्या थंडीनंतर टोकांशी फिकट हिरवे कोंब दिसले. त्यांतील काही सुईसारखे काटेरी होते. धक्का बसलेले ज्युनिपर अशी बालपणीची पाने पुन्हा धरते. बळ आले की खवल्यांची पाने परततात.

वाळलेली फांदी तोडून टाकावी, असे पुतण्याचे मत होते. जपानमध्ये, जेथे डोंगरकड्यांवरील वादळांनी झोडपलेल्या ज्युनिपरवरून ही कला खूप काही शिकली, तेथे मृत फांदीची साल काढून ते लाकूड तसेच राखतात. तिला ‘जिन’ म्हणतात. खोडावरील अशा मृत पट्ट्याला ‘शारी’ म्हणतात. चुना-गंधकाच्या द्रावणाने ते लाकूड पांढरेशुभ्र होते आणि कुजत नाही. त्याच्या शेजारून जिवंत सालीची एक तांबूस शीर वर चढत जाते व सारे झाड तीवर उभे राहते. अण्णांना ही रीत पटली. बुडालेली रक्कम वहीतून खोडून टाकण्यापेक्षा ती वहीत दिसत राहावी आणि चालू व्यवहारही थांबू नये, हेच त्यांनी आयुष्यभर केले होते.

आता तसबिरीजवळची जागा रिकामी आहे. येणारे-जाणारे कधी विचारतात, “झाड कुठे गेले?” पुतण्या वर बोट दाखवतो. गेल्या माणसाच्या वस्तू जपताना त्या नजरेसमोर असाव्यात, असे मनाला वाटते. वस्तू जिवंत असेल, तर मात्र तिला जेथे जगता येईल तेथेच ठेवावे लागते. रोज दुकान उघडण्यापूर्वी काडी घेऊन गच्चीचे चौदा जिने चढून जाणारा मुलगा आपल्या काकांची तसबीर पूर्वीपेक्षा कमी वेळा पाहत असेल, पण त्यांची सवय त्याच्या हातात उतरली आहे.