दोन आटे

मोटारसायकलला मागे डिकी बसवायची, एवढंच काम होतं. दुकानदार बसवायचे ३०० रुपये मागत होता. चार बोल्टांचे ३००? मी खोका काखोटीला मारला आणि घरी आलो.

या काढता-घालता येणाऱ्या डिकीचे दोन भाग असतात. खालची प्लेट क्लॅम्पांनी कॅरिअरच्या पाइपांना आवळायची. वरचा डबा तिच्यात पुढून अडकवून मागून दाबायचा. ‘टक्’ वाजलं की बसला. किल्लीने कुलूप उघडून बटण दाबलं की डबा हातात. माझं सगळं लक्ष त्या टक्-कडे आणि किल्लीकडे. सिग्नलला कुणी डबा काढून नेला तर, ही काळजी. डबा प्लेटसकट जाऊ शकतो, हे डोक्यातच आलं नाही.

बोल्टांबरोबर नायलॉक नट होते. त्यांच्या बाहेरच्या टोकाशी आत नायलॉनचं कडं असतं. ते आट्यांना धरून ठेवतं, म्हणून धक्क्यांनी नट सुटत नाही. नट बोटांनी सरसर फिरला, मग अडला. दहा नंबरच्या पान्याने दोन वेढे दिले, चांगलाच जड लागला. म्हटलं, झालं घट्ट. प्रत्यक्षात बोल्ट नुकता कुठे त्या कड्यात शिरला होता. उजव्या बाजूच्या दोन क्लॅम्पांच्या पट्ट्या पाइपला टेकल्याही नव्हत्या. खाली वाकून बघितलं असतं तर दिसलं असतं. वाकलो नाही.

दुसरी चूक प्रेमापोटी. बायकोला ऐसपैस बसता यावं म्हणून प्लेट जमेल तेवढी मागे सरकवली. तिसरी हावरेपणाची. गावाहून पुण्याला परतताना आठ किलो तांदूळ आणि चार नारळ डिकीत कोंबले. कॅरिअरवर ‘कमाल ५ किलो’ असं कोरलेलं होतं, आणि रिकामी डिकीच चारेक किलोची.

विळे मागे टाकून ताम्हिणी चढायला लागलो तसं हॅण्डल हलकं लागू लागलं. मागच्या चाकाच्याही मागे वजन, वर चढण. पुढचं चाक रस्त्याला जेमतेम टेकत होतं. मला वाटलं, हवा कमी असेल.

“अहो, हे मागे हलतंय हो.”

“डिकी आहे, थोडी हलणारच.”

पुढच्या खड्ड्यात कडाड् वाजलं. गाडी बाजूला घेतली. प्लेट उजवीकडून उचकटून डबा तिरपा लोंबत होता, कुलूप मात्र शाबूत! दोन नट गायब. मागून दुसरा दुचाकीवाला येत असता आणि डबा त्याच्यापुढे पडला असता तर, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. डबा रिकामा करून बायकोच्या ओढणीने कॅरिअरला बांधला, नारळ तिच्या पिशवीत गेले, तांदूळ टाकीवर माझ्या पोटाशी. घरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

एवढ्यावर शहाणा झालो असतो तर बरं. दुसऱ्या दिवशी नवे नट आणून असे काही कचकचून आवळले की प्लास्टिकची प्लेटच तडकली. शेवटी गॅरेज गाठलं. मेकॅनिकने सगळं उलटून पाहिलं आणि म्हणाला, “काका, नट जड फिरतो म्हणजे बसला असं नसतं. पट्टी पाइपला चिकटली का, आणि नटाच्या बाहेर दोन आटे दिसतात का, ते बघायचं.” नवी प्लेट त्याने पुढे सरकवून बसवली, चारही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळले आणि सांगितलं, शंभर किलोमीटर झाले की परत एकदा पाना लावा. प्लेट आणि मजुरी मिळून ३०० च्या कितीतरी पुढे गेलो.

आता प्रत्येक नटावरून बोल्टावर गेलेली लाल नेलपॉलिशची एक रेघ आहे. नट जरा फिरला की रेघ तुटलेली दिसते. बाटली बायकोची, रेघाही तिनेच ओढल्या. निघण्याआधी खाली वाकून बघतेही तीच. ती “हं” म्हणाल्याशिवाय मी किक मारत नाही.